पंचविशीच्या आतली विद्या

एलूल महिना, ३

आज बाबांनी आम्हा ज्यूंच्या प्रार्थनाघरात बंदी वाचली. बार्सिलोनात घातली तशीच – पंचविशीच्या आत कुणी ग्रीकांचं तत्त्वज्ञान वाचायचं नाही. वाचेल तो वाळीत! गावचे प्रमुख बाबाच. आणि पंचविशीच्या आतला वाचणारा गावात एकच – माझा नवरा. बोनफोस, वय तेवीस. नाव घ्यायची गरजच नव्हती.

एलूल ४

म्हटलं, दोन वर्षं पुस्तक मिटून ठेवायला काय हरकत आहे? तर म्हणतो, "आणि डोकं?" हटवादी!

एलूल ९

पडला वाळीत. त्याच्याबरोबर कुणी जेवायचं नाही, प्रार्थनेला त्याला धरायचं नाही. मग एकेकाचे चेहरे उतरले! प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. गावात ज्यू पुरुष होतेच दहा, तोही धरून. आपल्याच हातानं पायावर धोंडा! शनिवारच्या प्रार्थनेसाठी आदल्या सांजेला नार्बोनचा एक ज्यू कापडवाला वाटेत सापडला, त्याला ओढून आणला. मला हसू आलं. मग रडूही.

एलूल १७

आईला ताप. मी माहेरी गेले की बाबा खिडकीबाहेर बघत बसतात. आज मात्र त्यांना राहवलं नाही. "तुझा नवरा म्हणे शिकतोय, अब्राहाम म्हणजे आकार आणि त्याची बायको सारा म्हणजे माती. आपले पूर्वज काय कोडी आहेत?"

मी म्हटलं, पूर्वज खरेच होते असं तोही म्हणतो. पण देवानं बुद्धी दिली ती वापरायला.

आई अंथरुणातून म्हणाली, "सारा माती, तर मी कोण? चिखल?" बाबा खुदकन हसले आणि लगेच परत खिडकीबाहेर बघू लागले.

एलूल २०

ताप उतरत नाही. आई बाबांना म्हणाली, "माझ्यामागे प्रार्थना नीट होऊ द्या. दहा माणसांत." बाबा मला म्हणाले, "जावईबापूंना सांग, पुस्तक सोडा." सांगितलं. बोनफोस रडला. पण म्हणाला, "सोडणार नाही. मग खोटं वचन कसं देऊ?" खोटं बाबांनाही चालत नाही. दोघं एकाच माळेचे मणी! मधल्यामध्ये मी आणि आई. फार राग येतो दोघांचा.

एलूल २३

आई गेली. वाटेवर एकही प्रवासी नाही.

पुरून आलो. घरात नऊ पुरुष, बोनफोस दाराबाहेर. बाबा उठले. "आत या. माझ्या जावयाला पंचवीस पूर्ण झाली. सुंतेच्या वेळी माझ्याच मांडीवर होता, मला विचारा." सगळ्यांनी सरकून जागा केली. बोनफोसनं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं आत येऊन दहावा उभा राहिला.