इंजिनाबरोबर आलेला माणूस

एर्मेते भावोजींना झैराचा नमस्कार.

तुमची तब्येत ठणठणीत असणार, कारण दुसऱ्याच्या गाडीतलं इंजिन काढून मागायला अंगात ताकद लागते. नोरिनाताईचा गुडघा कसा आहे ते कळवा. रविवारी आमच्या राडामेसदादाची गाडी तुमच्या कारखान्याच्या गाडीच्या पुढे गेली, एकदाच, तीही शेवटच्या वळणावर, आणि सोमवारी तुमचा निरोप हजर, इंजिन परत पाठवा. ही कुठली रीत? आपणच ताट वाढायचं आणि पाहुणा पोटभर जेवतोय म्हटल्यावर ओढून घ्यायचं?

मी तिसरीतून शाळा सोडली, गोड लिहायला जमत नाही, पण खरं ते लिहिते. दादाने ट्रॅक्टर दुरुस्तीची शेड झाडून शर्यतीच्या टीमची पाटी लावली तेव्हा आमच्याकडे चार चाकं, एक सांगाडा आणि ती पाटी, एवढंच होतं. (पाटी वाकडी होती, अजून आहे.) इंजिन तुमचं, गिअरबॉक्स तुमचा, गाडीवरून वारा कसा जातो ते तपासायची जागाही तुमचीच. उद्या आपल्याच अंगावर धावून येणाऱ्याला असं हात धरून उभं करणारी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत. तुम्हाला चढवायला लिहीत नाही, तुम्ही आधीच पुरेसे चढलेले आहात.

त्यात नव्या नवरीबरोबर पाठराखीण यावी तसा इंजिनाबरोबर तुमचा मेकॅनिक लेआर्को आला. इंजिनाला सील, त्याच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. पहिल्या हंगामभर त्याच्या तोंडात एकच, तुमची गाडी, आमचं इंजिन. मग मार्चच्या गारठ्यात, ऐन शर्यतीच्या सकाळी, तेल तापवायचं यंत्र बंद पडलं. थंड तेलावर तुमचं इंजिन चालू करायचं नाही हे आता मलाही पाठ आहे. मी माझं रश्श्याचं पातेलं रिकामं करून पुढे केलं. बाळाचं दूध तापवावं तसं त्याने त्यात तेल तापवलं. गाडी धावली. पण पातेलं कितीही घासलं तरी संध्याकाळी रश्श्यात शिजवलेल्या तोर्तेल्लिनीच्या इवल्या करंज्यांना गाडीचा वास. दादाने बशी सरकवली, बाकीचे पिझ्झा आणायला पळाले. लेआर्कोने दोन बशा संपवल्या आणि म्हणाला, "मीठ बरोबर पडलंय."

तर परवा गाडी पुढे गेली तेव्हा हा तुमच्या कारखान्याचं जाकीट घालून कठड्यावर चढला आणि ओरडला, "झैरा, आपली गेली पुढे."

मी म्हटलं, "अंगावर काय घातलंय ते बघा आणि मग आपली म्हणा."

तो खाली उतरला, जाकीट काढलं, नीट घडी करून खुर्चीवर ठेवलं, आणि पुन्हा कठड्यावर चढला.

भावोजी, इंजिन नेलंत तर आमची शेड बंद. दादा पुन्हा ट्रॅक्टरखाली. जिवाला पटतं का बघा.

तुमची मेहुणी,
झैरा

ता.क. दादा आत्ताच सांगून गेला, दुसरा एक कारखाना इंजिन द्यायला तयार आहे. तेव्हा वरचं रडगाणं सोडून द्या. तुमचं इंजिन खुशाल न्या, पुसून ठेवलंय.

आणखी एक ता.क. लेआर्कोला मात्र नोकरीतून मोकळं करा. तो स्वतः मागणार नाही, तुमचं मीठ खाल्लंय म्हणतो. (माझं तर त्याने तेलासकट खाल्लंय.) तुमचा ट्रक शुक्रवारी येणार, म्हणजे गुरुवारी जेवणाच्या आत उत्तर हवं. नुसतं 'हो' लिहिलंत तरी चालेल. 'नाही' लिहिणार असाल तर त्याची बॅग माझ्या कपाटात आहे, आणि किल्ली कुठे आहे ते मी नोरिनाताईलाही सांगणार नाही.