शेवटच्या लाइनला ओ

३ जून, सोमवार

दादा स्वतः स्टेशनवर घ्यायला आला आणि माझी बॅगही त्यानेच उचलली. लहानपणी हाच माझ्या पाठीवर स्वतःचं दप्तर लादायचा. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजची दुमजली इमारत आता पाणीपुरवठा कंपनीकडे आहे; दादा तिथला मॅनेजर, खाली ऑफिस, वर त्याचं घर. काम माझ्या आवडीचं आहे: लांबच्या पंपघरांवर राहणाऱ्यांना फोनच्या तारेवरून इंटरनेट द्यायचं. त्यांनी तिकडून नंबर फिरवायचा, इथल्या मोडेमने उचलायचा, सर्व्हरने नाव आणि पासवर्ड विचारून आत घ्यायचं. घरचा भाऊ असताना बाहेरचा माणूस कशाला, असं दादा म्हणाला. ऐकून फार बरं वाटलं.

वहिनी पूर्वी याच एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ती सध्या माहेरी गेली आहे म्हणे, त्यामुळे चहा दादाने केला. तो चहा होता असं त्याचं म्हणणं आहे.

५ जून, बुधवार

मोडेम एकावर एक रचले, प्रत्येकाला एकेक लाइन दिली. फोन वाजला की यंत्राने आपणहून ओ द्यायची, असं लावून दिलं आहे. दोन मोडेम भेटले की आधी एकमेकांवर किंचाळतात, मग सूर जुळतो आणि सगळं गप्प. दादाला म्हटलं, अगदी तुझ्या संसारासारखं. तो हसला नाही.

पंपघरांवरचे लोक भराभर आत आले, खूश झाले. शेवटच्या लाइनवर मात्र कुणीतरी किंचाळतं, आणि नाव विचारलं की काहीच उत्तर देत नाही. पुन्हा लावतं.

६ जून, गुरुवार

शेवटच्या लाइनला रिसीव्हर जोडून ऐकलं. मोडेमची असते तशीच शिट्टी होती. मग ती मध्येच थांबली, दम घेतला, आणि पुन्हा सुरू झाली.

मोडेमला दम लागत नाही. कुणीतरी तोंडाने यंत्राची नक्कल करत होतं, इतकी हुबेहूब की माझा मोडेम फसत होता. 

तारेचा माग काढत इमारतीच्या मागे गेलो. बाकीच्या तारा खांबावर चढतात. ही भिंतीवरून उतरून सरळ जमिनीत जाते. हाताने जरा ओढून पाहिली. खालून कुणीतरी परत ओढली.

७ जून, शुक्रवार

दादाला सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही, याचंच मला नवल वाटलं. म्हणाला, त्या लाइनचा मोडेम काढ, साधा फोन लाव, माणसाने एकदा ओ दिली की विषय मिटेल. मी नाही म्हटलं. तो माझ्या पाया पडला. थोरला भाऊ पाया पडल्यावर काय करणार? लावला फोन.

वाजला. उचलला. पलीकडे वहिनी. तिने नेहमीच्या सुरात भाऊजी म्हणून हाक मारली, आणि कुणीही देईल तशी मी ओ दिली.

लाइन तुटली. वळून पाहिलं तर दादा जिन्याकडे धावत होता. वर वहिनी रडत होती.

८ जून, शनिवार

वहिनी स्वयंपाकघरात आहे. नखांत माती. मला वाढते आणि तोंड फिरवते.

दादाने आता सगळं सांगितलं. ऑपरेटरच्या जुन्या सवयीने तिने मागे त्या लाइनला ओ दिली आणि तिला जमिनीखाली ओढून नेलं. तिला सोडवायचं तर तिच्या हाकेला दुसऱ्याने ओ द्यावी लागते, आणि तो घरचाच लागतो. माझ्या यंत्राने ओ दिली तरी भागेल असं त्याला आधी वाटलं होतं म्हणे. मी विचारलं, मग तू का नाही दिलीस. म्हणाला, ती परत आल्यावर तिला सांभाळणार कोण?

केसाने गळा कापला. माझ्या सख्ख्या भावाने. शिव्या द्यायला तोंड उघडलं, तर बारीक शिट्टी —

९ जून

शब्द येत नाहीत. फक्त ती किंचाळी. जमिनीवर पाय ठेवला की तळवे ओढले जातात — खुर्चीवर पाय घेऊन बसलोय. दादाने ऑफिसला बाहेरून कडी —

आईला यातलं काही माहीत नसणार. कळलं तर ती त्याला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. ऑफिसचा फोन चालू आहे. बोलता आलं नाही तरी ती मला ओळखेल.

दुपार

लावला. माझी शिट्टी — तिने पूर्ण ऐकून घेतली. ओळखलं. रडली.

मग विचारलं, सूनबाई नीट आली ना.

म्हणाली, थोरल्याचा संसार आहे. तू एकटा जीव. तुझ्यामागे रडायला कुणी नाही, म्हणून तुझं नाव मीच —

मला म्हणायचं होतं, आई, तू आहेस की, तू —