कोपरा फाटलेलं पाकीट

मु. मिठागरपाडा, माघ महिना, सन १९३२

चिरंजीव अनंता यास काळूमामाचा पोटभर आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असंल, गिरगावातलं पाणी सोसत असंल, असं धरून चालतो. तसं नसंल तर कळव. इकडं मी, तुझी भागूमामी, म्हस आणि दोन्ही बैल खुशाल. तुझा थोरला हिरामणमामा मधे अर्धा दिस मेला होता, पण तोपण आता बरा हाय.

तुझं कार्ड आज पोचलं. पेशव्यांच्या वक्ताची खुनाची कादंबरी लिवतोस, आपल्या समोरच्या बेटाचा तू जलदुर्ग केलास, हिरामणमामाला त्यावरचा म्हातारा पहारेकरी केलंस, पहिल्याच ओळीला त्याचा मुडदा पाडलास आणि वर धुकं भरपूर घातलंस, हे सगळं आज कळलं. 'पहिलं प्रकरण धाडलं होतं, कसं वाटलं?' म्हणून विचारतोस. पहिली ओळ झकास हाय. पुढचं विचारू नको.

त्याचं असं झालं. गेल्या बाजाराच्या दिशी टपालवाला जाड पाकीट देऊन गेला. मी अंगणात उघडतो तर आतल्या पहिल्या कागदाचा वरचा कोपरा फाटलेला! (उंदरानं खाल्ला का तूच दात कोरायला घेतलास, ते तुझं तू बघ.) अरे, मुंबईला राहून विसरलास काय? कोपरा फाटलेलं पत्र म्हंजे मयताची खबर. ते घरात न्यायचं न्हाय, दारातच वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. मी वाचलं. 'हिरामण मेला.' ठसठशीत, तुझ्याच हाताचं. त्याच्यापुढं 'निर्जन जलदुर्गावर' की काय होतं, पण माझी शाळा दुसरीत सुटली, जोडाक्षरांचं आणि माझं पटत न्हाय, आणि भाऊ मेल्यावर जोडाक्षरं सोडवत कोण बसतो? दिलं फाडून आणि तुकडे खाडीत सोडून. सगळं. भागूनं हंबरडा फोडला आणि सुतकाची आंघोळ म्हणून रांजणातलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं, सदऱ्यासकट. माघाची थंडी हाय इकडं.

आता तू बोलशील, मामा, खाडी ओलांडली की हिरामणमामाचं खोपट. तो मेला तर खबर मुंबईहून कशी येईल? माझ्यापण डोक्यात आलं ते. पण मला वाटलं, आमचं बोलणं बंद, तवा सगळ्या मुलखाला कळून झाल्यावरच आपल्याला कळणार. बोलणं कशापायी बंद ते तुला ठाऊक हाय. त्यानं माझं वल्हं होळीत टाकलं. (तो म्हणतो चिरलेलं होतं. चिरलेलं न्हवतं.) तवापासून तो त्या बेटावर मिठाची राखण करत एकटा, आणि मी इकडं. मधे खाडी. ती काय फार रुंद न्हाय.

तर ताजुद्दीन तांडेलाची होडी काढली. तिरडीला बांबू घेतले, कोरं कापड घेतलं, मडकं घेतलं. ताजुद्दीन 'अल्लाची मर्जी' बोलला आणि वल्हं मारू लागला. धुकं असं की आपल्याच बांबूचं पुढचं टोक दिसंना (ते तेवढं तू बरोबर घातलंस). मी ओल्या कपड्यांत कुडकुडत होतो आणि डोक्यात एकच, शेवटाला त्याला पाणी कोणी पाजलं असंल? बेट आलं. बघतो तर मयत बांधावर उकिडवं बसून चिखलातल्या निवट्या मासळी साफ करतंय.

त्यानं माझ्याकडं बघितलं, बांबूंकडं बघितलं, आणि इतक्या वर्षांनी पहिला शब्द काय काढावा? "काय रे काळू, एक वल्हं गेलं तर बांबूनं होडी हाकतोस व्हय?"

माझ्या डोळ्यांत मीठ गेलं (मिठागरच ते). शेवटी ताजुद्दीनच बोलला, "हिरामणभाय, तुझ्या मयतीला आलोय. हायस ना, मंग चहा तरी कर."

दादानं सगळं ऐकून घेतलं. मंग हळूच विचारतो, "रडलास का रे?" मी बोललो, पाणी भागूनं ओतलंय. "ते डोक्यावर," तो बोलला, आणि उठून आपलं सुकं धोतर आणून दिलं. निवट्यांचं कालवण केलं. ज्याचं सुतक त्याच्याच हातची मासळी खाऊन आलो, बोल.

पण अनंता, त्याचं खोपट बघवत न्हाय. छप्पर एका अंगाला बसलंय, वारा आरपार, आणि तो खोकतो. बांबू परत घरी नेणं बरं न्हवं, म्हणून आम्ही तेच छपराखाली टेकू दिले. कापडाचं त्यानं मुंडासं बांधलं. मी बोललो, दादा, आता घरी चल. तर म्हणतो, "मी मेलो तवा तू आलास ना? तू मर, मंग मीपण येतो."

असो. वेळेवर जेवत जा. रात्रीचे डोळे फोडून माणसं मारत बसू नको.

तुझा काळूमामा

ता. क. कार्डात लिवलंस, 'एकच प्रत आहे, जपून ठेवा.' ती खाडीत हाय. परत लिव. आणि खुनी त्याचा भाऊ निघत असंल तर दुसरा कोणी बघ.

आणखी ता. क. खरं काम हे. एक कोरा कागद घे, कोपरा चांगला फाड, पाकिटात घाल आणि दादाच्या नावानं धाड. आत काय लिवू नको, त्याला वाचता येत न्हाय, कोपरा दिसला की पुरे. मी गेलो असं ताजुद्दीन तोंड पाडून सांगंल. ('तौबा, जित्या माणसांच्या मयती माझ्याच होडीतनं का?' असं बोलतो, पण सांगंल.) होळीच्या आत धाड, यंदा मी एक वल्हं बाजूला काढून ठेवलंय, खरोखर चिरलेलं. दादाला संशय येईल, पण खात्री करायला खाडी ओलांडावीच लागते, ते मला ठाऊक हाय. आणि तो रिकाम्या हातानं यायचा न्हाय. बेटावर दुसरे बांबू न्हाईत. माझ्या तिरडीला तो छपराखालचेच काढंल, आणि छप्पर बसंल खाली. मंग जातो कुठं? भागूनं ओटीवर त्याची वाकळ आताच घालून ठेवलीय.