अकरा मिनिटं चार सेकंद

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.४०
फोन अडकला. बोट आपटून आपटून नख दुखायला लागलं, पण स्क्रीन ढिम्म. हिचा व्हॉइस मेसेज आला होता, तो दाबला. ‘अहो, ऐका ना’ एवढंच आलं आणि फोन ठप्प. मेसेजची लांबी अकरा मिनिटं चार सेकंद. अकरा मिनिटं! तेवढ्यात माझी लिफ्टची अर्धी तपासणी उरकते.

खरं तर मी व्हॉइस मेसेज ऐकत नाही. तत्त्व आहे. जे दोन ओळींत लिहिता येतं त्यासाठी समोरच्याचे कान कशाला खायचे? गेल्या दोन वर्षांत हिने घरातल्या घरात, मी कामावर असताना, बाजारातून, कुठून कुठून पाठवले. एकही ऐकलेला नाही. आजचा दाबला तो केवळ ही शनिवारपासून बहिणीकडे गेली आहे म्हणून. हवापालटासाठी. बॅग मोठी नेली, पण ती नेहमीच जास्तीचे कपडे घेते.

असो. मी तेहतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. अडकलेल्या वस्तूला एकच औषध: मेन स्विच बंद, तीस आकडे मोजायचे, चालू. फोन तो काय!

संध्याकाळी ७.१५
या फोनला मेन स्विचच नाही. बॅटरीसुद्धा काढता येत नाही. कोण बनवतं असली यंत्रं? शेवटी बाजूचं बटण वीस सेकंद दाबून धरलं तेव्हा साहेब जागे झाले. हिचा मेसेज पुन्हा दाबला, फक्त टेस्टिंगसाठी. ‘अहो, ऐका ना.’ ठप्प.

४ मार्च, मंगळवार
नोंद असावी म्हणून लिहून ठेवतो. भांडण झालेलं नाही. मी भांडत नाही, हे कुणीही सांगेल. हिने माझा जुना टेस्टर समोरच्या शेजाऱ्याला दिला, न विचारता. त्याचा फ्यूज उडाला होता म्हणे. बावीस वर्षं वापरलेला टेस्टर! मी एक शब्द बोललो नाही. त्यानंतरही बोललो नाही. मी तापलो की बोलणं बंद ठेवतो, घर थंड झालं की चालू करतो. लिफ्टचाच नियम. या वेळी तीस आकड्यांचे अठरा दिवस झाले. मोजण्यात गडबड झाली असेल.

शनिवारी दारात उभी राहून म्हणाली, मी लिफ्टमध्ये अडकले असते तर माझ्याशी बोलला असतात. याला माझ्याकडे चोख उत्तर होतं. पण बोलणं बंद होतं, त्यामुळे देता आलं नाही.

निर्धार: आधी फोन मी करणार नाही. तसाही फोन नादुरुस्त आहे.

६ मार्च, गुरुवार
निदान झालं. फोन तापतो. तापलेली मोटर आम्ही गार होऊ देतो, मगच हात लावतो. फोन फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवला, भाज्यांच्या खणात, आणि अंघोळीला गेलो. बाहेर आलो तेव्हा कुठे ठेवला तेच आठवेना. कपाट, गादी, मोरी, सगळं उलटंपालटं केलं. दीड तासाने दुधाला फ्रीज उघडला तेव्हा खणात उजेड दिसला.

मिस्ड कॉल: १. हिचा!

मी जिंकलो. तिने आधी केला. तारीख लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. उलट फोन केला नाही. एकदा केलाय, पुन्हा करेल. घाई दाखवली की माणसाची किंमत जाते. आठपर्यंत फोन हातात धरून बसलो होतो, पण ते तापमान तपासायला.

७ मार्च, शुक्रवार
केला नाही.

‘अहो, ऐका ना’ आज सात वेळा ऐकलं. टेस्टिंग. ‘अहो’ आणि ‘ऐका’ यांच्यामध्ये ही जरा थांबते आणि श्वास घेते. चिडली असली की अशी थांबत नाही, सरळ सुरू होते. म्हणजे चिडलेली नाही. पण पुढचं ऐकल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. फोन दुरुस्त होणं आता निकडीचं आहे. तांत्रिकदृष्ट्या.

८ मार्च, शनिवार
मुलीचा फोन. तिचं लग्न होऊन चार वर्षं झाली, सासरहून दर शनिवारी करते. आवाज जड होता. बाबा, आईचा मेसेज ऐकलात का, विचारलं. मी म्हटलं, ऐकला.

आता काय सांगणार? की बाप तेहतीस वर्षं मशीन दुरुस्त करतो आणि खिशातला फोन त्याला चालवता येत नाही?

मुलगी म्हणाली, पूर्ण? मी म्हटलं, पूर्ण. मग रविवारचं काय ठरवलंत, असं विचारलं. मी म्हटलं, बघू. बघू काय बाबा, म्हणाली, आई वाट बघतेय, उद्याचा नाही, पुढचा रविवार, विसरू नका. मी म्हटलं, मी कधी काही विसरतो का. तेवढ्यात फोन अडकला. एरवी चिडलो असतो. आज बरं वाटलं.

कसला रविवार? मेसेजमध्ये असणार. आता तिला विचारता येत नाही, कारण मी तो पूर्ण ऐकलेला आहे.

हरकत नाही. आठ दिवस आहेत. फोन त्याआधी नीट करणारच.

१० मार्च, सोमवार
कामावरून येताना मोबाइलच्या दुकानात गेलो. दुरुस्ती करणारी बाई माझ्या मुलीच्या वयाची. डोळ्याला भिंग, हातात चिमटा. हत्यारं ओळीने लावलेली होती, ते आवडलं. फोन हातात घेतला, चार ठिकाणी बोट लावलं आणि म्हणाली, काका, फोनला काही झालेलं नाही, पोट भरलंय. जागा शिल्लक नाही म्हणून अडकतो. नको ते काढून टाका. मी करून देते हवं तर, पण आधी बॅकअप घेतलाय ना?

मी म्हटलं, अर्थात. बॅकअप म्हणजे लाइट गेल्यावर लिफ्ट खालच्या मजल्यापर्यंत आणणारी बॅटरी. फोनमध्ये तो कसला, हे विचारणार होतो, पण मागे दोघं उभी होती. म्हटलं, मी घरी करतो, या लाइनीतलाच आहे. तिने फोन परत देताना हळूच सांगितलं, काका, काढायच्या आधी उघडून बघा हं, काय आहे ते.

मला सांगते!

१२ मार्च, बुधवार
एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये अडकली. आत एक आजी, एकट्या. मोटर चालवणारा ड्राइव्ह जळालेला, पार्ट येईपर्यंत चाळीस मिनिटं. दाराला तोंड लावून बसलो. घाबरू नका, मी आलोय, म्हटलं. मग त्यांचे गुडघे, त्यांचा मोतीबिंदू, सून नोकरी करते ते, मांजर हरवलं ते, सगळं विचारलं, सगळं ऐकलं. मीही सांगितलं. टेस्टरचं सांगितलं. आजी आतून हसल्या, म्हणाल्या, अहो, तो शेजारी अंधारात बसला असता की.

बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, तुमची बायको नशीबवान, घरात बोलणारा माणूस आहे.

हे हिने ऐकायला हवं होतं. मग जेवलो नाही. ॲसिडिटी.

१४ मार्च, शुक्रवार
सेफ मोड केला. वापरत नाही ते ॲप काढलं. अपडेट करायला गेलो तर फोन म्हणतो, जागा नाही. ‘अहो, ऐका ना.’ ठप्प. आता मेसेजसुद्धा लावत नाही, नुसता फोन कानाजवळ धरतो आणि ते मनातच ऐकू येतं. टेस्टिंगची गरज उरली नाही.

घरात तिच्या चष्म्याचं रिकामं कव्हर सापडलं. म्हणजे चष्मा नेलाय. म्हणजे वाचायचं असणार, म्हणजे बराच मुक्काम. की घाईत कव्हर विसरली? दोन्ही बाजूंनी विचार केला. उत्तर निघालं नाही.

१५ मार्च, शनिवार
मुलीचा फोन आला नाही. किंवा आला आणि लागला नाही. तिला मेसेज लिहिला: ‘रविवारचं नक्की किती वाजता?’ मग पुसला. वेळ विचारली म्हणजे ऐकलं नाही हे उघड होईल. हिला फोन करायला नंबरसुद्धा काढला. निर्धार आठवला. ठेवून दिला.

उद्या सुट्टी आहे. उद्या सकाळी बसतो, फोन साफ करतो, अकरा मिनिटं चार सेकंद ऐकतो आणि ती जे म्हणेल ते करतो. हो, लिहून ठेवतो: जे म्हणेल ते. टेस्टरचा विषय काढणार नाही.

१६ मार्च, रविवार. सकाळी १०.००
दाढी केली. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. कुठे जायचं असलं तर आपल्यामुळे उशीर नको.

दुपारी ३.३०
जागा कशाने भरली ते कळलं. लिफ्टच्या पॅनलचे फोटो, एक हजार एकशे सहा. ते काढता येणार नाहीत, कामाचे आहेत. त्यातल्या कित्येक इमारती आता पाडल्या असतील, तरी पण. रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड. एकेक उघडून पाहिला. वेळ गेला, पण जबाबदारीचं काम आहे.

संध्याकाळी ५.१०
घाण सापडली! एका फोल्डरमध्ये सहाशे बारा फायली. नावं बघावीत तर नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरं. असली नावं माणसांच्या वस्तूंना नसतात, मशीनचा आपला आपण साठलेला गाळ असणार. लिफ्टच्या खड्ड्यात साठतो तसा. उघडून बघा म्हणाली होती ती दुकानातली. सहाशे बारा कोण उघडतं? सगळं सिलेक्ट, डिलीट. फोनने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की.

संध्याकाळी ५.३५
कमाल! फोन काय पळतोय! बोट लावायच्या आत उघडतो. शेवटी हाडाचा मेकॅनिक तो मेकॅनिक. चहा टाकला. शर्ट घातला. आता खुर्ची खिडकीजवळ घेऊन निवांत ऐकतो.

संध्याकाळी ५.५०
मेसेज दाबला. फोन अडकला नाही. स्वच्छ अक्षरांत लिहून आलं की हा व्हॉइस मेसेज आता फोनमध्ये नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

वरचा दाबला. तेच. त्याच्या वरचा. तेच. दोन वर्षं मागे गेलो. सगळीकडे तेच.

चहा उतू गेला.

१७ मार्च, सोमवार. सकाळी ८.२०
कामावर गेलो नाही. मुलीचा फोन. आवाज एकदम स्पष्ट, मध्ये एकदाही अडकला नाही.

म्हणाली, बाबा, का नाही गेलात?

ही मेसेजमध्ये म्हणाली होती, सोळा तारखेच्या रविवारी पाचला मला न्यायला या. काही बोलू नका, माफी नको, टेस्टरचं नको. तुम्हाला बोलायला जड जातं हे मला इतक्या वर्षांत कळलंय. नुसती बेल वाजवा, मी येते. आणि नाही आलात तर मी समजेन, पुन्हा विचारणार नाही.

काल पावणेपाचला ही बॅग घेऊन बहिणीच्या दारात बसली. चपला घालून. बहीण म्हणाली, अगं, आत येऊन बस, चपला तरी काढ. ही म्हणाली, ते आले की परत घालण्यात वेळ जातो, त्यांना थांबायला आवडत नाही. साडेसातला काढल्या.

मी म्हटलं, फोनचा बिघाड होता. मुलगी म्हणाली, पण बाबा, तुम्ही तर म्हणालात पूर्ण ऐकला. मी फोन दुसऱ्या कानाला धरला. मग विचारलं, अकरा मिनिटांत आणखी काय होतं? ते तुमचं तुम्ही तिलाच विचारा, म्हणाली. मुलगी रडत होती.

मुलीने ठेवल्यावर फोन हातातच होता. साडेसात म्हणजे पावणेतीन तास. मला काल बसने पंचवीस मिनिटं लागली असती. शर्टही घातलेला होता.

१८ मार्च, मंगळवार. सकाळी ११.००
निर्धार रद्द. आज फोन मी करतो. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं, कारण ऐन वेळी तारांबळ नको. पहिलं वाक्य: घाबरू नका, मी आलोय. हे माझ्या तोंडात बसलेलं आहे. ‘नका’चं ‘नकोस’ केलं. ‘आलोय’चं ‘येतोय’ केलं. दुसरं वाक्य: सहाशे बारा, सगळे पुन्हा पाठव, मी ऐकतो. तिसरं: चुकलं माझं. तिसरं पहिलं करावं का? केलं. पाच वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं. भिंतीसमोर छान येतं.

सकाळी ११.२५
लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला.

ही म्हणाली, हॅलो.

कागद हातात होता. अक्षरं दिसत होती.

ही म्हणाली, हॅलो? अहो? ऐकू येतंय का?

येत होतं. तिच्याकडचा पंखासुद्धा ऐकू येत होता. मी तोंड उघडलं. तीस मोजले. पुढेही मोजले.

ही आत कुणाला तरी म्हणाली, यांचा फोन अडकलेला दिसतोय अजून. मग मला म्हणाली, आवाज येत नाहीये हो. फोन दाखवून घ्या कुणाला तरी. आणि ठेवला.

एक मिनिट बारा सेकंद चालला कॉल. फोन कुठेही अडकला नाही.