क्रमांक २०७ चा फोटो

३ नोव्हेंबर, सोमवार

तीनशे चौदा चेहरे घरी आले. समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याची पुस्तिका निघायची आहे. अध्यक्ष मधुकररावांचा फोन — "तुम्ही लेखक माणूस जी, घरी कॉम्प्युटर आहे. फोटो तेवढे गोड करून द्या." गेल्या वर्षी याच मेळाव्यावर मी पेपरातल्या माझ्या रकान्यात यथेच्छ दात काढले होते. ही शिक्षा असावी.

निम्मे फोटो कोणाच्या तरी लग्नातून कापलेले, खांद्यावर परक्याचा हात तसाच. एक उमेदवार कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या ढिगासमोर. संत्री जास्त प्रसन्न दिसतात.

५ नोव्हेंबर

फोटो आपोआप सुधारणारं ॲप घेतलं. एक बटन दाबलं की मुरूम, तीळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं साफ, आणि रंग दोन पायऱ्या वर. 'सर्वांना लागू करा' असंही एक बटन आहे. दाबलं. चहा पिऊन येतो तर तीनशे चौदा सख्खी भावंडं! आता यांच्यात सोयरीक जुळवायची कशी?

६ नोव्हेंबर

नमुना म्हणून काही पालकांना त्यांचे फोटो पाठवले होते. रामटेकहून रुपरावांचा फोन.

"हा आमचा हर्षित नाही जी. त्याच्या भुवईवर बैलाच्या शिंगाची खूण आहे. ते कुठी गेली?"

म्हटलं, लग्नाच्या बाजारात बरं दिसतं.

"अन मुलीवाले घरी आल्यावर? तेव्हा बटन कोण दाबन?"

खूण परत बसवली.

८ नोव्हेंबर, शनिवार

क्रमांक २०७. वेदिका. माझी मुलगी, सत्तावीस वर्षांची. ओठाखाली, हनुवटीवर कोडाचा पांढरा डाग, चिंचोक्याएवढा. बँकेत काउंटरवर बसते, दिवसाला दीडशे लोक तो डाग बघतात आणि पासबुक भरून घेऊन जातात. फोटो तिनेच निवडून दिला होता — "जसा आहे तसाच जाऊ द्या बाबा. कोणी नंतर दचकायले नको."

ॲपने तिचे दोन तीळ पुसले. डाग ठेवला. त्याला तो दोष वाटला नसावा.

मला वाटला. गालाचा रंग उचलून हनुवटीवर फासला. स्वतःच्या हाताने. चार मिनिटं लागली.

१० नोव्हेंबर

पुस्तिका छपाईला दिली. जेवण गेलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

छापून आली. वेदिकाने पान उघडलं, फोटोवर बोट ठेवलं.

"बाबा, हे कोण आहे?"

"अगं, मशीन. सगळ्यांचंच करतं ते. माझ्या लक्षात नाही आलं."

तिने पुस्तिका मिटून टेबलावर ठेवली. मी दुपारभर या खोलीतून त्या खोलीत. दर रविवारी दाढी रंगवतो, तीही राहिली.

१७ नोव्हेंबर

संध्याकाळी येतो तर वेदिका माझ्या कॉम्प्युटरसमोर. मूळ फोटो उघडून तेच बटन दाबून बसलेली.

"मशीन तर डाग ठेवून राहिलं, बाबा. मी तीनदा पाहिलं."

एवढंच. खुर्ची नीट सरकवून उठली.

स्वयंपाकघरात सुमती पोळ्या लाटत होती. वर न बघता म्हणाली, "खोटं तं नीट बोलायचं. तुम्हाले तं तीस वर्षांचा सराव आहे." बायको नवऱ्याचा रकाना वाचत नाही, थेट नवराच वाचते.

१९ नोव्हेंबर

रकाना गेला नाही. संपादकाला ताप सांगितला. 'सुंदर दिसण्याचं वेड' असा विषय घेतला होता. तीन ओळी लिहिल्या, तिन्ही माझ्याच अंगावर आल्या.

२१ नोव्हेंबर

बेसा भागातून एका स्थळाचा फोन. मुलगा इंजिनिअर. फोटो फार आवडला म्हणे. "मुलगी एकदम साफ आहे जी." साफ! थाळी आहे का?

सुमतीने वेदिकाला विचारलं. ती मोबाइलमधून मान वर न करता, "फोटो पसंत पडला ना त्याले? मग फोटोच पाठवा."

२२ नोव्हेंबर, शनिवार

उद्या मेळावा. जेवताना वेदिका म्हणाली, मी जाणार. नंबर पुकारला की स्टेजवर जाऊन माइकवर सांगणार, पुस्तकातला फोटो माझा नाही, मी ही अशी आहे.

"काहून असा तमाशा वं?" सुमती.

"तमाशा मी केला का, आई?" मग माझ्याकडे वळली. "लोक विचारतील, फोटो कोणी बदलला. काय सांगू, बाबा?"

मी वरण मागितलं. वरण ताटात होतंच.

"लाज वाटते का तुम्हाले माझी? तेवढं तरी सांगा."

तिची नाही. हे तोंडातून निघालं नाही. दुसऱ्यांवर हजार शब्द एका बैठकीत लिहितो मी.

२३ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

दाढी काढली. माझ्या लग्नाच्या दोन महिने आधी हनुवटीवर पांढरा डाग उमटला, तेव्हा वाढवली होती. सुमतीशिवाय कोणाला माहीत नाही, या वहीलाही नाही. वेदिकाच्या डागापेक्षा माझा मोठा निघाला.

ती खाली गाडी काढून थांबली आहे. तिने अजून पाहिलेलं नाही. जातो.