आईच्या सीटला हात लावण्याबाबत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, गाड्यांच्या चामडी सीटा दुरुस्त करणाऱ्या घरातली धाकटी मुलगी, वय सत्तावीस, अविवाहित, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी भरीला घातलेले नाही आणि पुढचा मजकूर माझ्या मनाचा व माझ्याच अक्षरातला आहे. डोक्याबाबत दादाचे मत वेगळे आहे. ते विचारात घेऊ नये. अक्षर आईने गिरवून घेतले, दुकानातल्या चामड्याच्या तुकड्यांच्या उलट्या बाजूवर, खडूने. त्या बाजूवर खडू अडखळतो, म्हणून माझी वेलांटी अजून थरथरते. ती भीतीने थरथरली असे कोणी समजू नये. भीती वाटते, ती वेगळी.

१. कारण. परवा माझ्या पित्ताशयातले खडे काढायचे आहेत. डॉक्टर म्हणाले, "साधं ऑपरेशन आहे. परवा करू, दुसऱ्या दिवशी घरी." मी विचारले, यात कोणी दगावतं का? ते म्हणाले, "क्वचित." परतताना मी स्टेशनरीच्या दुकानात थांबून हा कागद घेतला.

२. बँकेत माझ्या नावावर जे असेल ते वहिनीला द्यावे, दादाला नाही. वहिनीने त्यातून गाडी चालवायच्या शाळेत नाव घालावे. दादा लग्नापासून "शिकवतो, शिकवतो" म्हणतो आहे आणि अजून त्याने तिला साधा हॉर्न वाजवू दिलेला नाही. वरची माझी खोलीही तिलाच. तिला दार लावून बसायला एक जागा हवी आहे, हे तिने मला सांगितले आहे, इतर कोणाला नाही. आता सगळ्यांना कळेल, त्याबद्दल तिने मला माफ करावे.

३. माझी हत्यारे, म्हणजे शिवणीतली धूळ काढायचे मऊ ब्रश, वाकड्या सुया आणि मलमाचा मोठा डबा, दादाला. सोबत सूचना, कारण दादाला घाई असते. जुने कातडे आधी नुसत्या ओलसर फडक्याने पुसायचे आणि सावलीत वाळू द्यायचे. केस वाळवायचे यंत्र आणायचे नाही. मलम बोटाच्या उबेने विरघळेल इतकेच घ्यायचे, पातळ लावायचे, ते कातड्यात मुरू द्यायचे आणि जास्तीचे कोरड्या फडक्याने पुसून काढायचे. भरपूर लावले म्हणजे लवकर मऊ होते असे नाही. जुने कातडे फार प्यायले की लिबलिबीत होते आणि शिवणीपाशी सुटते.

आणि सर्वात आधी खाली लावून बघायचे. सीटच्या बुडाशी, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, थोडेसे. रंग उतरला नाही, डाग पडला नाही, तरच वर यायचे. आमच्या घरात हे वडिलांचे वाक्य सगळ्यालाच लागू आहे. मला सांगून आलेल्या एका मुलाला वडील म्हणाले होते, "घाई नको, आधी खाली लावून बघू." तो जो गेला तो परत आला नाही. त्याच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. वडिलांबद्दल थोडा होता, तो या कलमान्वये सोडला.

४. काकांना बुटाच्या काळ्या पॉलिशची डबी द्यावी. ती मागच्या फळीवर आहे. आजोबांच्या गाडीची मागची सीट "चकचकीत करतो" म्हणून त्यांनी तिला हेच पॉलिश फासले होते. मग पांढऱ्या पँटीतले एक गिऱ्हाईक त्या सीटवर बसले आणि उठले. ते डाग काढताना माझी नखे महिनाभर काळी होती. काकांनी अजूनही चूक मान्य केलेली नाही. "चमकत तर होती ना?" असे ते विचारतात. हो, चमकत होती.

५. माझे कपडे, पुस्तके वगैरे ज्याला हवे त्याने घ्यावे. भांडू नये. भांडण्यासारखे त्यात काही नाही.

६. आजोबांची गाडी. चार दारांची, मूळ रंगातली, मूळ चामड्याची. काका दर सुट्टीला ती विकायचे काढत, म्हणून वडिलांनी ती माझ्या नावावर केली. "नको म्हणणारी घरात तू एकटीच आहेस," म्हणाले. मागची सीट आणि चालकाची सीट मी पुन्हा मऊ केली आहे. चालकाशेजारची केलेली नाही. ती आईची.

आई सरळ बसत नसे. वडिलांकडे वळून, एक पाय थोडा दुमडून बसायची, सगळा रस्ता बोलत. म्हणून त्या सीटचा खळगा एका अंगाला आहे आणि तिथून सुरकुत्या पंख्यासारख्या पसरल्या आहेत. आई गेल्यापासून वडील त्या सीटला हात लावू देत नाहीत. "ती उठून गेली तशी राहू दे," म्हणतात. आता ते कातडे पुठ्ठ्यासारखे झाले आहे. या उन्हाळ्यात सुरकुतीतच फाटेल. मलम लावले तर वाचेल; पण मऊ झालेले कातडे सैलावते, खळगा थोडा भरून येतो. किती, हे मला आधी सांगता येत नाही. वडिलांची भीती खोटी नाही, म्हणून मी त्यांच्याशी वाद घालू शकले नाही. दादा म्हणतो, "उचकटून नवीन मारू." त्याच्याशी मात्र मी वाद घातला.

७. ही गाडी वडिलांना द्यावी. चालकाशेजारच्या सीटला त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणीही हात लावू नये, ती फाटली तरी.

येथवर लिहून मी काल संध्याकाळी सर्वांना वाचून दाखवले, मागाहून कोणी मला कळले नाही म्हणू नये म्हणून.

दादा म्हणाला, "सगळं वाटलंस. खडे कुणाला?"

वहिनी म्हणाली, "अहो, गप्प बसा ना जरा."

वडील म्हणाले, "सातवं परत वाच."

मी वाचले.

"फाटली तरी?"

"हो बाबा. फाटली तरी."

ते उठून खाली दुकानात गेले. मला वाटले, मी त्यांना दुखावले.

८. सही करण्याआधी गाडीचे वर्णन खरे असावे म्हणून आज सकाळी मी ती पुन्हा पाहून आले. आईच्या सीटच्या बुडाशी हात घातला, तर तळव्याएवढी जागा मऊ लागली. मी ती केलेली नाही. दादा करणार नाही, आणि वहिनीला मलमाचा वास सोसत नाही. डब्याचे झाकण तिरपे बसवलेले होते.

वडील गल्ल्यापाशी बसून हात पुसत होते. मी विचारले, "बाबा, डबा कोणी उघडला?"

ते म्हणाले, "जुनं कातडं आहे. दोन दिवस थांबायला लागतं. परवा तू घरी असशील, तूच बघ."

सबब कलम ७ मधील दुसरे वाक्य मी स्वतः एका रेघेने खोडले आहे, आणि खोडल्या जागी सही केली आहे. पहिले वाक्य कायम. सीटबद्दल आता माझी काही इच्छा नोंदवायची नाही. फक्त खालचे मलम फारच जाड लागले आहे. दुसऱ्या कोणी असे लावले असते तर वडिलांनी फडके फेकून मारले असते. जास्तीचे पुसायला हवे. ते कोणी पुसू नये. परवा आल्यावर मी पुसेन.

सही: धाकटी

साक्षीदार: समोरच्या टायपिस्ट बाई. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, हे त्यांनीच सांगितले.

साक्षीदार: शेजारचे चष्मेवाले. यांना काही ठेवलेले नाही, व त्यांनी तशी तक्रार केली आहे.

ठिकाण: आमचे दुकान, गाडीच्या मागच्या सीटवर बसून.
तारीख: ऑपरेशनच्या आदला दिवस.