हाताने बोलणाऱ्या घरात

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ताई,

तुला खूप खूप प्रेम, पिल्लूला गोड पापा आणि तिच्या बाबांना नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिते. पुढचं वाचून तूच ठरव.

रोज व्हिडिओवर एकमेकींची तोंडं बघतो आणि ही बया पत्र कसलं लिहितेय, असं तुला वाटेल. पण फोनवर मी बोलायला लागले की आई समोर येऊन बसते. ऐकू येत नसलं तरी माझ्या ओठांवरून आणि कपाळावरून अर्धंअधिक ओढून काढते. आठवतं ना, लहानपणी आपण भिंतीकडे तोंड करून कुजबुजायचो, तरी आपल्या पाठी बघून तिला कळायचं की काहीतरी शिजतंय. आत्ता ती फिरायला गेलीय, म्हणून हे जमतंय.

इकडची बातमी म्हणजे वरच्या मजल्यावर एक ड्रम वाजवणारा राहायला आलाय. सगळी बिल्डिंग त्याच्या नावाने बोटं मोडते. आपली आई मात्र चपला काढून फरशीवर पाय टेकवून बसते आणि ठेक्यावर मान डोलावते. परवा जिन्यात भेटला तेव्हा तिने त्याला टाळ्या वाजवून दाखवल्या. बिचारा आधी घाबरला, मग लाजला. त्याला एवढी दाद आजवर कुणी दिली नसेल.

गॅलरीचं दार एकदाचं दुरुस्त झालं. शाळा चालू आहे. मी ठीक.

तू परवा विचारलंस, "आई हल्ली गप्प गप्प का वाटते?" मी म्हटलं, झोप झाली नसेल. तेव्हा तेवढंच सुचलं.

आधी माझं सांगते, म्हणजे तिचं सांगता येईल. फोनवर मी तुला काय सांगितलंय? सांधे जरा धरतात, गोळ्या चालू आहेत, एवढंच. खोटं नाही ते, पण बरंच हातचं राखून सांगितलंय. मला आमवात आहे ताई. म्हाताऱ्या माणसांचे गुडघे दुखतात तसला नव्हे. यात आपलंच रक्त आपल्या सांध्यांवर उलटतं. सकाळी उठते तेव्हा बोटं माझी नसतात. कुणीतरी रात्रीत हातमोज्यात ओलं सिमेंट भरून ठेवावं, तशी. गरम पाण्यात धरून बसते, मग हळूहळू एकेक सुटतं. दुपारी बरी असते. संध्याकाळी पुन्हा सुजतात.

रक्त दर काही आठवड्यांनी तपासायला द्यावं लागतं. त्यात सूज दाखवणारे दोन आकडे असतात, ते वरखाली होतात. गंमत म्हणजे माझं दुखणं आणि ते आकडे यांचं एकमेकांशी पटत नाही. एकदा आकडे छान उतरले, डॉक्टरीणबाईंनी कौतुक केलं, आणि त्याच आठवड्यात मला कुलपात किल्ली फिरवता येईना. मी त्यांना मूठ दाखवली. ती मिटतच नव्हती. त्या म्हणाल्या, "आकडे बघून मी थांबत नाही, तुमचा हात बघते." तेवढ्यानेही मला बरं वाटलं.

पण तिसरा एक आकडा आहे, अँटी-सीसीपीचा. त्या अँटीबॉडी जास्त असल्या की आजार बहुतेक वेळा जास्त चिवट निघतो आणि हाडं लवकर खातो. माझ्या रिपोर्टात तिथे आकडाच नाही. यंत्र जेवढं मोजू शकतं त्याच्या वर, एवढंच छापलंय. मी विचारलं, औषधांनी हा खाली येईल का? त्या म्हणाल्या, "आपण याच्या मागे लागत नाही. सूज आटोक्यात ठेवायची, सांधे वाचवायचे." म्हणजे आकड्याला आपण हात लावायचा नाही, आकडा मात्र आपल्याला हात लावणार. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या झाल्या, आता इंजेक्शनं चालू केलीत. एका इंजेक्शनाने थोडे दिवस वाटलं की जमलं, मग त्याचाही जोर ओसरला. आता दुसरं.

आई आली. नंतर लिहिते.

१६ नोव्हेंबर

शाळा चालू आहे असं लिहिलं ना मी, शाळा चालूच आहे. मी वर्गावर नाही.

पहिलीच्या आधीचा वर्ग होता माझा, तुला माहीत आहे. घरून एकही खूण न शिकता आलेली बहिरी मुलं. आईबाप ऐकणारे, त्यामुळे त्यांची भाषा म्हणजे मी. माझे हात बघून ती बोलायला शिकतात. एके दिवशी मुख्याध्यापिका वर्गात येऊन मागे बसल्या. मी 'झाड', 'घर', 'पक्षी' घेत होते. मुलं अगदी मन लावून करत होती. आणि मला दिसलं ताई, सगळ्या वर्गाची बोटं वाकडी. 'घर' म्हणजे दोन तळवे सरळ जोडून छप्पर करायचं. एका मुलानेही सरळ छप्पर केलं नाही. सगळ्यांची छपरं मधे खचलेली, करंगळ्या बाहेर फाकलेल्या. हुबेहूब माझ्यासारखी. त्यांना वाटलं, खूण अशीच असते.

तास संपल्यावर मुख्याध्यापिका उठून गेल्या. मीच गेले त्यांच्याकडे. त्या रडवेल्या झाल्या, म्हणाल्या, "तू ऑफिसात बस थोडे दिवस, बरं वाटलं की ये वर्गावर." मी मान हलवली. आता मी हजेरी आणि दाखले बघते. मधल्या सुट्टीत मुलं खिडकीशी येऊन मला हाका मारतात, म्हणजे हात हलवतात. नवीन बाई चांगल्या आहेत. मुलांची छपरं आता सरळ होतायत. ते चांगलंच आहे.

आणि घरी आई.

तू बाहेरगावी गेलीस, हळूहळू खुणा विसरलीस, त्यात तुझा दोष नाही. लागल्याच नाहीत तुला, मधे मी होते ना. तू बोलायचीस, मी हातांनी तिला सांगायचे. ती सांगायची, मी तोंडाने तुला. आता मधे मी पुरत नाही. पूर्वी मी आईला दिवसभराची कथा सांगायचे, कोण काय बोललं, कसं चाललं, नकला करून. आता 'जेवलीस का', 'औषध घेतलं', 'दमले' एवढंच. लांब वाक्य करायला गेलं की मनगट चमकतं आणि शब्द तुटतो. सुरुवातीला तिला वाटलं मी चिडलेय. म्हणाली, "तू माझ्याशी तोडून का बोलतेस?" मी म्हटलं, दुखतं. तेव्हा तिने ठरवलं की डॉक्टरांकडे तीही येणार.

गेलो. तिने डॉक्टरीणबाईंसमोर बसून विचारलं. तिचा प्रश्न मी माझ्या आवाजात सांगितला: "आई विचारतेय, हिचे हात परत सरळ होतील का?"

त्यांनी आईकडे बघितलं. म्हणाल्या, "जे वाकलंय ते औषधाने सरळ होणं अवघड आहे. पुढचं वाकू नये म्हणून आपली धडपड आहे. अँटीबॉडी एवढ्या असताना मी शब्द देऊ शकत नाही. सांगा त्यांना."

सांगा त्यांना. माझ्याबद्दलचं, माझ्याच हातांनी. मी सांगायला घेतलं. 'सरळ' ही खूण सरळ हाताने करायची असते. माझा हात होईना. 'सरळ होणार नाही' हे वाक्य वाकडंच निघालं. मी पुन्हा केलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा तिने माझे दोन्ही हात धरले आणि आपल्या मांडीवर घेतले.

ऐकणाऱ्या घरांत कुणी हात हातात घेतला तर धीर येत असेल. आपल्या घरात ते तोंडावर हात ठेवण्यासारखं आहे. मी काही बोलू शकत नव्हते आणि तिने हात धरल्यामुळे तीही बोलू शकत नव्हती. डॉक्टरीणबाई पुढे बोलत होत्या. ते फक्त मी ऐकलं.

त्या काय बोलल्या ते आता लिहिते. हे लिहायचं माझ्या जिवावर आलंय, म्हणून ड्रमवाल्यापासून सुरुवात केली.

त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का?" मी म्हटलं, बहीण आहे, ठणठणीत आहे. त्या म्हणाल्या, "सख्ख्या नात्यात शक्यता थोडी जास्त असते. होतोच असं मुळीच नाही. पण या अँटीबॉडी कधी कधी दुखायला लागायच्या कितीतरी आधीपासून रक्तात असतात. त्यांची सकाळी बोटं आखडत असतील तर वेळ घालवू नका म्हणावं. लवकर कळलं तर हाडं वाचवता येतात."

मी लवकर गेले नव्हते. मला वाटलं, खडूने आणि धुण्याने हात दुखतात.

गेल्या महिन्यात तू व्हिडिओवर चहा घेत होतीस. कप दोन्ही तळव्यांत धरून, लहान मुलं धरतात तसा. मग पिल्लूने पाण्याची बाटली आणून दिली, तुला झाकण फिरवता येईना. तू ती भावोजींकडे सरकवलीस आणि हसत म्हणालीस, "म्हातारी झाले गं मी, सकाळी हातात जोरच नसतो." मीही हसले. आईला ते शब्द ऐकू आले नाहीत. मी सांगितलेही नाहीत.

फोन ठेवल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली. दोन्ही तळव्यांनी कप धरल्यासारखं केलं. मग कपाळावर बोट गोल फिरवलं, तुझी बट. तिने ठेवलेलं तुझं खुणेचं नाव. मग नुसत्या भुवया उचलल्या. "हिलाही?"

मी म्हटलं, थंडी होती तिकडे, हात शेकत होती. आईपुढे हातांबद्दल थापा चालत नाहीत, ताई. जन्मभर तिने दुसरं काही वाचलेलंच नाही.

ती माझ्यासमोर बसली. मग म्हणाली, "तुम्ही दोघी झालात तेव्हा मी तुमच्या डोक्यामागे टाळी वाजवून बघायचे. तुम्ही दचकलात की मी रडायचे, आनंदाने. वाटायचं, माझं काही तुमच्यात गेलं नाही." आणि आपले हात उलटे करून बघत राहिली. तिचे हात अजून किती सुंदर आहेत गं. या वयातही बोटं कशी सरळ, लांब. मी तिला समजावायला गेले की हे कुणी कुणाला देत नाही, तुला तर हा आजारही नाही. 'कुणी कुणाला देत नाही' एवढं म्हणेपर्यंत माझं मनगट गेलं. तिने मान फिरवली. आणि आपल्यात मान फिरवली की बोलणं संपलं.

तेव्हापासून ती गप्प आहे. रुसलेली नाही. जेवते, फिरायला जाते. हात मांडीवर ठेवून बसते. मी हात उचलला की लगेच माझ्याकडे बघते, पण मला त्रास नको म्हणून प्रश्नच विचारत नाही. आणि मला एवढं सांगायचं असतं.

ताई, तू जाऊन ये. सांध्यांच्या डॉक्टरांकडे जा, माझ्या आजाराचं नाव सांग, माझा रिपोर्ट या पाकिटात घातलाय तो दाखव. दगदग आहे, घरकाम आहे, वय आहे, असलं काही मनाशी म्हणू नकोस. ते सगळं मी म्हणून झालंय. कदाचित काही नसेल. तर मला मनसोक्त शिव्या घाल, मी आनंदाने ऐकेन. असेल तर मी काय करणार आहे, हे मला माहीत नाही. इथून मी तुझं पाणीसुद्धा गरम करू शकत नाही.

तोवर व्हिडिओवर येत जा, रोजच्यासारखी. हात लपवू नकोस. ती तेच आधी शोधते आणि दिसले नाहीत तर रात्रभर कूस बदलत राहते.

काय निघालं ते फोनवर सांगू नकोस, माझा चेहरा तिच्या समोर असतो. पत्र लिही. टाइप करून नको. सकाळी उठल्या उठल्या, पाण्यात हात धरायच्या आधी, पेन घेऊन लिही. चारच ओळी लिही. मजकूर काहीही असू दे. मी अक्षर बघेन.

तुझीच, आणि आईचीही,
धाकटी